कॅरॅव्हॅनचे तीन नळ

कार्डिफ
१२ फेब्रुवारी २०२५

इमॅन्युएलभाऊंना,

सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुमची हॅनाह ऐकून तुम्हाला सांगते. हे तिच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. ह्यांनाही सांगितलेलं नाही.

रविवारी प्रबुद्ध ईलिंगहून आला होता. तुमचा गुडघा यंदा तुम्हाला इल्फर्डबाहेर सोडत नाही, म्हणून ह्यांनी लेकाला सोबत घेतलं आणि दोघं गॅरेथच्या शेतावर कॅरॅव्हॅन बघायला गेले. वीस मार्चच्या आधी एकदा पाणी सोडून बघू, असं ह्यांचं म्हणणं. तुम्ही दोघं दर मार्चला ते काम करता, मला त्यातलं एवढंच माहीत की सकाळी जाता आणि दुपारी भिजून, खूश होऊन येता. यंदा नुसतेच भिजून आले. ड्रम भरला, पंप लावला, तर पाणी नळातून यायचं सोडून नळाच्या मुळातून, बेसिनखालच्या कपाटातून, शॉवरच्या पॅनलमागून. कार्पेटचा चिखल झाला. तिन्ही नळ आतून तडकलेत. जानेवारीत थंडी किती पडली होती ते तुम्हाला ठाऊक आहे. आत राहिलेलं पाणी गोठलं आणि फुगलं, असं प्रबुद्ध म्हणाला.

त्याचं पुढचं बोलणं मला लागलं. म्हणाला, "बाबांनी ऑक्टोबरमध्ये पाणी काढलं, पण नळ उघडे ठेवायला विसरले. तिन्ही बंद होते, मी स्वतः बघितलं." हे एकदाच म्हणाले, "मी उघडले होते." जेवताना भरल्या वांग्याला हात लावला नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही.

प्रबुद्ध वाईट नाही हो. घाबरलाय. नोव्हेंबरात ह्यांना सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी सापडेना, अर्धा तास शोधत होते, ते त्याने मनात धरून ठेवलंय. आता म्हणतो, जीपी डॉक्टरांना सांगून मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेऊ आणि कॅरॅव्हॅन विकून टाकू. ती गाडीला जोडून हायवेवर न्यायची म्हणजे चेष्टा नाही.

मला भीती वाटते, भाऊ. तुम्ही ह्यांना माझ्याइतकंच ओळखता. खरं सांगा, तुम्हाला कधी ह्यांच्यात काही जाणवलं का? आणि जाणवलं असेल तर तुम्हीच त्यांना समजवा, की सुभ्या, आता पुरे. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

तुमची,
सिंधुवहिनी


इल्फर्ड
१८ फेब्रुवारी

वहिनी,

शालोम, आणि जय भीमसुद्धा.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, मला काही जाणवलेलं नाही. गाडी कुठे लावली ते मी दर गुरुवारी विसरतो आणि मला कुणी क्लिनिकला पाठवत नाही. कानांच्या क्लिनिकला पाठवतात, पण ते वेगळं.

मी एकतीस वर्षं हॉस्पिटलचे बॉयलर आणि पाइप सांभाळले. माणसं मला उशिरा कळतात, पाइप लगेच कळतात. तेव्हा सुभ्याला बाजूला ठेवा आणि मला पाइपांचं सांगा. घाई न करता नीट विचारून लिहा.

एक, हीटरच्या बाजूला एक पिवळी दांडी आहे. ती वर होती की खाली? वर म्हणजे हीटरमधलं पाणी काढायची झडप उघडी.
दोन, पंप कुठे होता? कॅरॅव्हॅनमध्ये की घरी?
तीन, शॉवरचं डोकं पाइपवरून काढून ठेवलं होतं का?
चार, बाहेरचा ड्रम उपडा होता का?

हे का विचारतो ते सांगतो. तुमचा नवरा लॅबचा माणूस. आयुष्यभर एका नळीनंतर दुसरी नळी, त्याला क्रम चुकवता येत नाही. कॅरॅव्हॅनचं काम करताना तो मोठ्याने बोलतो, तुम्ही ऐकलं असेल. "पंप बंद. दांडी वर. नळ उघडे, तिन्ही, मधोमध." दट्ट्या मधोमध, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही पाइपांत हवा जावी. मी त्याला हे एकदा शिकवलं, दुसऱ्यांदा शिकवायची वेळ आली नाही. विसरणारा माणूस चार गोष्टी चोख करून पाचवी टाकत नाही. तसं म्हणणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे. प्रबुद्धला हे माझ्या नावाने सांगा.

मी त्याला कॅरॅव्हॅन सोड असं सांगणार नाही. आधी उत्तरं येऊ देत.

इमॅन्युएल


कार्डिफ
२४ फेब्रुवारी

भाऊ,

तुमच्या प्रश्नांवर ह्यांची तोंडी परीक्षा घेतली आणि प्रबुद्धने काढलेल्या फोटोंवरून तपासली. दांडी वर. पंप घरी, जिन्याखालच्या कपाटात, माझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. शॉवरचं डोकं काढून सिंकमध्ये. ड्रम उपडा, वर वीट. सगळं बरोबर. फक्त तिन्ही नळ बंद.

तुमचं म्हणणं मी प्रबुद्धला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, असंच सुरू होतं. एकच स्टेप गळते."

खरं वाईट पुढेच आहे. हे आता स्वतःवरच विश्वास ठेवत नाहीत. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यात. कुकरजवळ "गॅस बंद". दाराला "किल्ली, पास, चष्मा". रात्री दोनदा उठून मागचं दार बघतात. गाडीची किल्ली स्वतःहून माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. आणि काल म्हणाले, प्रबुद्धचं बरोबर आहे, विकून टाकू. न्यूपोर्टचं एक जोडपं बावीस मार्चला बघायला येतंय, नळ दुरुस्त करून घ्यायची त्यांची तयारी आहे. म्हणजे वीस मार्चला शेवटचं पाणी, आणि ते तडकलेल्या नळांतून.

तुम्ही दर वर्षी असता, तुम्हाला सांगायला नको, पण हे माझ्या मनात सारखं येतंय. त्या दिवशी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, म्हणून हे त्याच दिवशी कॅरॅव्हॅनचं पाणी सुरू करतात. स्टीलच्या ग्लासात पहिलं पाणी, मग यार्डात असेल त्याला, गॅरेथलासुद्धा. गॅरेथ बिचारा दर वर्षी विचारतो, हे कुठलं सरोवर म्हणालात? यंदा तेही विकत घेणाऱ्यांच्या आधी दोन दिवस, घाईत.

माझ्यापुरतं म्हणाल तर सुटले. खोटं कशाला बोलू? ती डबी मला कधी आवडली नाही. ऑक्टोबरात ह्यांच्यासोबत मीच गेले होते. हे बाहेर गॅरेथशी गप्पा मारत होते, मी आत जाऊन चादरी काढल्या, डबे घेतले, सिंक पुसलं, सगळं जागच्या जागी करून आले. घर कसं सोडतो तसं सोडलं. आणि त्याचं हे झालं.

सिंधू


इल्फर्ड
१ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं.

एकोणनव्वद साल. तुम्ही गबाल्फाच्या फ्लॅटमध्ये राहत होतात, प्रबुद्ध रांगत होता. तुमच्या गल्लीत पाइप फुटला होता आणि मी सिंकखाली आडवा होऊन काम करत होतो. लाइनमधली हवा जावी म्हणून वरचा नळ मी उघडा ठेवला. तुम्ही आलात आणि बंद केलात. मी उघडला. तुम्ही चहा घेऊन आलात, बंद करून गेलात. तिसऱ्या वेळी मी सुभ्याला हाक मारून सांगितलं, बायकोच्या हातात काहीतरी दे, नाहीतर माझं काम संध्याकाळपर्यंत होत नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मी कधी बंद केला?" तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. आठवतं का?

आता पाइपांचं. कोल्ड्रिंकच्या ग्लासात नळी घालून वरच्या तोंडावर बोट ठेवलं तर नळीतलं पाणी खाली पडत नाही. बोट काढलं की पडतं. कॅरॅव्हॅनचं तेच आहे. नळ उघडे म्हणजे बोट काढलेलं, पाणी खालून बाहेर जातं, त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्येच नळ बंद केले की पाणी आतच लटकून राहतं, आणि खालून ठिबकायचं थांबतं. बाहेर उभ्या माणसाला वाटतं, संपलं पाणी. तो कुलूप लावून घरी जातो.

म्हणून एकच प्रश्न. तुम्ही चादरी काढायला आत गेलात, तेव्हा खाली गवतावर पाणी पडत होतं का?

इमॅन्युएल


कार्डिफ
५ मार्च

भाऊ,

एवढं बारीक मला आठवत नाही. चादरी बहुतेक आधीच काढल्या असतील. इकडे पाऊस आहे. गुडघ्याची काळजी घ्या.

सिंधू


इल्फर्ड
८ मार्च

वहिनी,

ठीक. पुन्हा विचारणार नाही.

सोबत पार्सल पाठवतोय. तीन नवे नळ, जोडण्या आणि रबरी वायसर. विकणार असाल तरी माणसाने चालू वस्तू विकावी. पाणी सुरू करायचा क्रम खाली लिहिला आहे, सुभ्याला पाठ आहे, पण सध्या त्याला स्वतःच्या पाठांतराचा भरवसा नाही म्हणून.

पिवळी दांडी खाली. ड्रम स्वच्छ पाण्याने भरून पंप आत. आधी नळ गरमकडे उघडायचे, एकेक करून. सुरुवातीला नळ थुंकेल, खोकेल, घाबरायचं नाही, हीटर भरतोय. धार सरळ झाली की थंडकडे. मग जोडण्यांखाली टिश्यू पेपर धरून बघायचं, ओला झाला की पाना फिरवायचा. मग निर्जंतुक करायचं द्रावण पूर्ण लाइनमध्ये, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवायचं, सगळं काढायचं, आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. फिल्टर त्यानंतर नवा. हीटर रिकामा असताना कधीही पेटवायचा नाही. तुम्ही तिघांनी मिळून केलंत तरी होईल. फक्त घाई नको.

आता एक गोष्ट म्हणतो आणि गप्प बसतो. कॅरॅव्हॅन जायची असेल तर जाईल, डबीच आहे, तुमचं खरं आहे. पण ती ह्या कारणाने गेली, तर सुभ्या उरलेलं आयुष्य स्वतःवर पहारा देत काढेल. मागचं दार दोनदा नाही, दहादा बघेल. मी अशी माणसं बघितली आहेत.

येत्या गुरुवारी संध्याकाळी आमचा पुरीमचा सण आहे. पुरणाच्या करंज्या करतेय हॅनाह, जमल्या तर पाठवतो.

इमॅन्युएल


कार्डिफ
१६ मार्च

भाऊ,

करंज्या पोचल्या. एक फुटली होती, ती मीच खाल्ली.

पाणी पडत होतं. गवतावर, चाकाच्या मागे. माझ्या चपला ओल्या झाल्या म्हणून मी पायरीवरून वळसा घालून चढले होते. तुमचं एक तारखेचं पत्र वाचलं त्या क्षणी मला त्या ओल्या चपला आठवल्या. नळ बंद केल्याचं मात्र अजूनही आठवत नाही. पण सिंक पुसलं, ते उघड्या नळाखाली पुसेन का मी? शक्यच नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं, माफ करा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते अगदी कळलं. ह्यांच्याशी बोलायला तोंड उघडायचे आणि भाजी काय करू ते विचारायचे. का लपवलं, ते ऐका. ह्यांनी रागावावं ह्याची भीती नव्हती. मला वाटलं, नळ मी बंद केले आणि मलाच आठवत नाही, म्हणजे डोकं माझंच गेलं की काय? क्लिनिकला मलाच नेतील. ज्या भीतीत हे महिनाभर आहेत, ती मी एक दिवससुद्धा झेलू शकले नाही, आणि त्यांना मात्र त्यात बसू दिलं. ह्याची लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

तुमची एकोणनव्वदची गोष्ट मग मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगितली. तेव्हाही मला माहीत नव्हतं, आणि तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. हा विसर नाही, हा हात आहे. औरंगाबादला आमच्या वस्तीत शंभर घरांत एक नळ. आई सांगायची, तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी मिळायचं, नाहीतर घागर तशीच परत. नळ उघडा दिसला की ती हातातलं काम टाकून धावायची. एरवी मारायची नाही कधी, पण त्या एका गोष्टीवरून मी तिचा मार खाल्लाय. ते हातात बसलंय. वाहतं पाणी बघून माझा हात मला विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी ह्यांना सांगितलं. चहा समोर होता. मी म्हटलं, "नळ तुम्ही उघडले होते. मी बंद केले." ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू पाहिलं होतंस का मी उघडलेले?" मी म्हटलं, पाहिल्याशिवाय बंद कशी करीन? तेव्हा रडले, भाऊ. चष्मा काढून, टेबलावर डोकं ठेवून. सासूबाई गेल्या तेव्हा इतके रडले नव्हते.

दुपारी रागावले. म्हणाले, दोन आठवडे तुला माहीत होतं. मी ऐकून घेतलं, रागवायलाच हवं होतं. संध्याकाळी प्रबुद्धला फोन लावून मलाच सगळं बोलायला लावलं. तो बिचारा म्हणाला, "सॉरी बाबा." न्यूपोर्टच्या माणसांना त्यानेच नाही कळवलं.

नळ आज बसवायला घेतलेत. एक वायसर सोफ्याखाली गेलाय, तो मी शोधतेय.

सिंधू


कार्डिफ
२१ मार्च

भाऊ,

काल पाणी सुरू झालं. तुम्ही विचारायच्या आधी सांगते, टिश्यू कोरडा.

सगळं तुमच्या क्रमाने. धुणं, द्रावण, पुन्हा धुणं बुधवारीच उरकलं, म्हणजे काल पिण्याजोगं पाणी यावं. प्रबुद्ध सुट्टी काढून आला होता, त्याने ड्रम ढकलला. काल फिल्टर बदलल्यावर हे पुन्हा मोठ्याने बोलायला लागले. "दांडी खाली. पंप चालू. गरम, मधला नळ." गेल्या महिन्याभरात हा आवाज घरात नव्हता, हे मला काल कळलं.

नळ आधी खोकला, थुंकला, मग तडातड उडवायला लागला. पाणी सिंकमध्ये जातंय, जातंय, कुणी पीत नाही, कुणी भांडं धरत नाही. माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत कळ आली म्हणा. तेवढ्यात ह्यांनी न बोलता माझ्या एका हातात स्टीलचा ग्लास दिला आणि दुसऱ्या हातात दुसरा. दोन्ही हात भरलेले. मी वर बघितलं तर हसत होते. म्हणाले, "इमॅन्युएलने सांगितलं होतं, एकोणनव्वद साली."

धार सरळ झाल्यावर दोन्ही ग्लास भरले. एक ह्यांनी घेतला, दुसरा मी. मग प्रबुद्ध, मग गॅरेथ. यंदा गॅरेथने सरोवराचं नाव न विचारता बरोबर सांगितलं. तुमच्या वाटणीचा ग्लास खिडकीत ठेवला होता. पाणी पिण्याआधीची तुमची प्रार्थना, ती ब्राखा, आमच्यात कुणाला येत नाही, म्हणून नुसतेच हात जोडले. मग गॅरेथच्या कुत्र्याने तो ग्लास पाडला. तेव्हा पुढच्या वर्षी गुडघा घेऊन तुम्हीच या.

क्लिनिकची अपॉइंटमेंट नऊ एप्रिलची आहे. ती ह्यांनी रद्द केली नाही. म्हणाले, सत्तरीच्या पुढे एकदा बघून घेतलेलं बरं, तूही चल. दोघं जाणार आहोत. काय निघायचं ते निघेल, आता निदान आपल्या हाताने काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

घरातल्या चिठ्ठ्या ह्यांनी आज सकाळी स्वतः काढल्या. कुकरजवळची, दाराची, सगळ्या. एक मात्र नवीन लिहिली आणि संध्याकाळी शेतावर जाऊन कॅरॅव्हॅनमध्ये नळाच्या वर चिकटवून आले. मी गाडीत बसले होते. ह्यांच्याकडून कॅरॅव्हॅनची किल्ली घेऊन मी आत जाऊन वाचली. लॅबच्या बाटल्यांवर लिहायचे त्या अक्षरात आहे, "सिंधू, ऑक्टोबरात हे उघडेच राहू देत."

पेन सिंकजवळच होतं. मी खाली लिहिलं, "वाचलं." मग नळ ठिबकत नाहीत ना, ते हात मागे बांधून बघितलं आणि बाहेर आले.

तुमची,
सिंधू